कोरडी फेरी

गोळीतलं पाणी वेगळं काढता येत नाही, हे मला त्या मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कळलं. तीन औषधं एकाच गोळीत घातलीत म्हणजे ती केकसारखी थरावर थर लावलेली असणार, अशी माझी समजूत. वर एक, मध्ये दुसरं, तळाला तिसरं. चष्मा लावायचा, बटाटे सोलायची बारीक सुरी घ्यायची आणि पाण्याचा थर तेवढा तासून टाकायचा. उरलेली दोन गुमान गिळायची. सुरी घसरली. गोळीचे दोन तुकडे झाले, एक टेबलावर राहिला आणि दुसरा फ्रिजखाली पळाला. मी छप्पन्न वर्षांची बाई, एकतीस वर्षं चाळीस फुटी बस हाकणारी, गणवेशाची इस्त्री मोडून जमिनीवर पालथी पडले आणि झाडूच्या दांड्यानं तो तुकडा बाहेर ओढला. खिडकीशी धरून पाहिला. आत सगळीकडे सारखाच पांढरा. थर नाही, रेघ नाही, कुठलं औषध कुठलं ते ओळखायला काही म्हणजे काही नाही. कुणीतरी माझी टर उडवली असं वाटलं. दोन्ही तुकडे बशीत ठेवून मी त्यांच्याकडे बघत बसले. कामावर निघायला अजून चाळीस मिनिटं होती.

पाण्याची गोळी म्हणजे लघवी होण्याची गोळी. बीपीच्या माणसाला ती देतात, अंगातलं जादा मीठपाणी उतरवायला. ऑफिसात बसणाऱ्याला ती खुशाल द्या. त्याला उठून जायला पाय आहेत. मला पाय दिलेत ते दोनच कामांसाठी, एक बस पळवायची आणि एक थांबवायची. एकेचाळीस नंबर तलावाकाठच्या जुन्या गोदीपासून निघतो, हार्लन रस्त्यानं सरळ दक्षिणेला जातो आणि कॉलेजच्या मागच्या वळणावर संपतो. कागदावर बहात्तर मिनिटं. शेवटी चार मिनिटं विसावा, तोही कागदावर. वळणावर पेट्रोल पंप आहे. तिथलं बाथरूम आम्ही वापरायचो, तर नव्या मालकानं त्याला कुलूप घातलं आणि किल्ली हवी असेल तर आधी काहीतरी विकत घ्या म्हणतो. लॉटरीच्या तिकिटांच्या रांगेत उभं राहून च्युइंगम विकत घेईपर्यंत चार मिनिटं संपतात, आणि पुन्हा बहात्तर सुरू. हे वेळापत्रक ज्यानं बनवलं तो बसमध्ये कधी बसला असेल असं वाटत नाही. त्याच्या खोलीला लागून बाथरूम आहे, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून आम्ही कोरडे चालतो. डेपोत याला कोरडी फेरी म्हणतात, आणि ती मला शिकवली रूझवेल्ट पेटवेनं. मी पंचविशीत नोकरीला लागले तेव्हा तो आमच्यातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात बढाईखोर ड्रायव्हर. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ पोरी, सकाळी अर्धा कप कॉफी. त्यानंतर एक थेंब नाही. खिशात खारे शेंगदाणे ठेवायचे. मीठ पाण्याला धरून ठेवतं, खाली उतरू देत नाही." मी विचारलं, "आणि तहान लागली तर?" तो म्हणाला, "तहान प्रवाशांना लागते, ड्रायव्हरला नाही." सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून माझ्या उजव्या खिशात खारे शेंगदाणे आहेत. मिठानं बीपी चढतं हे आम्हाला कुणी सांगायला नको, आणि डेपोतल्या निम्म्या लोकांना बीपी आहे हेही सगळ्यांना माहीत. पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. धरून ठेवता येणं हा आमच्यातला मोठेपणा. पेटवेनं एकदा बर्फात बस अडकली असताना सलग नऊ तास काढले, ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकवली जाते. दुसरी गोष्ट त्याच्या पडण्याची. बारा वर्षांपूर्वी हार्लनवरच, चालवता चालवता त्याचा उजवा हात लुळा पडला. मेंदूतली नस फुटली होती. त्यानं डाव्या हातानं बस कडेला घेतली, पार्किंगच्या ब्रेकचा पिवळा खटका ओढला, दार उघडलं आणि मग स्टिअरिंगवर पडला. एकाही प्रवाशाला खरचटलं नाही. "पेटवेनं ब्रेक लावला आणि मगच पडला," असं आमच्यात म्हणतात, आणि म्हणताना छाती काढतात. मीही काढत आले.

मला मात्र एकदा जमलं नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. मला बीपी निघून महिना झाला होता, डॉक्टरनं लिहून दिलेल्या तिन्ही गोळ्या मी शहाण्या मुलीसारख्या घेत होते. पुढे चौकात ट्रक आडवा झाला आणि रस्ता तुंबला. मी दात आवळले, मांड्या आवळल्या, चर्चमधल्या सगळ्या गाण्यांची कडवी मनात म्हणून झाली. मग ते झालं. आधी कोमट, मग लगेच गार. मागे तीसएक माणसं होती आणि कुणालाही काही दिसलं नव्हतं, पण माझ्या मानेवर तीस जणांचे डोळे चिकटले होते. मी कोट काढून मांडीखाली घेतला आणि आणखी दोन फेऱ्या केल्या. दर थांब्याला दार उघडलं की तलावाकडचा वारा आत यायचा. एका बाईनं चढताना विचारलं, "थंडी नाही का वाजत तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही." डेपोत सगळे जाईपर्यंत बसून राहिले, आणि मग हात धुवायच्या साबणानं ती सीट घासली. मला लाज वाटली होती. अजून वाटते, हे सांगतानासुद्धा कान तापलेत. त्या लाजेचा राग कुणावर काढायचा ते तेव्हा समजलं नाही, म्हणून गोळीवर काढला. घरी येऊन पाण्याच्या तेवढ्या गोळ्या निवडल्या आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. पुढे दर महिन्याला औषधं आणायची, दोन घ्यायच्या, तिसरी डब्यात. फेकवत नव्हत्या, कारण डॉक्टरनं दिलेलं फेकू नये असं आई म्हणायची. घ्यायचं असं मात्र ती म्हणत नसे.

आई अलाबामातून ओहायोत आली तेव्हा विशीत होती. शाळेच्या भटारखान्यात शंभर शंभर पोरांचा स्वयंपाक करायची. तिच्या भाषेत बीपी नव्हतं, तिचं "रक्त चढायचं." चढलं की व्हिनेगर पाण्यात घालून प्यायची, कच्चा लसूण चावायची आणि डोकं ठणकायला लागलं तरच डॉक्टरची गोळी, तीही अर्धी. उरलेली अर्धी शेजारणीला द्यायची, कारण शेजारणीचंही डोकं ठणकायचं. "मला कळतं गं कधी चढतं ते," ती म्हणायची. "माझंच रक्त आहे." मला तिचा तो ताठा फार आवडायचा. आमच्या घरात डॉक्टरचं ऐकणं म्हणजे मान खाली घालणं, आणि मान खाली घालायची आमच्यात रीत नाही. एका शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळता तळता ती झाऱ्यासकट खाली बसली आणि उठली नाही. त्या दिवशी डोकं ठणकलं नव्हतं. चौपन्न वर्षांची होती. हार्लन रस्त्यावरच्या स्टॅलवर्थ फ्युनरल होममध्ये तिला अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. त्यांनी तिचा भांग चुकीच्या बाजूला पाडला होता आणि मी तो हातानं बदलला. हिरव्या छताचं ते घर अजून तिथंच आहे. दिवसातून सहा वेळा मी त्याच्यासमोरून जाते आणि मान वळवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी आईच्या वयाच्या पुढे गेले. त्या दिवशी मी केक आणून एकटीनं खाल्ला.

एप्रिलमध्ये लायसन्सची तपासणी झाली. बस चालवणाऱ्याला वैद्यकीय कार्ड लागतं, ते असलं तर लायसन्स. तपासणाऱ्या माणसानं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा बांधला. तिसऱ्यांदा बांधला तेव्हाच मला कळलं. एकशे बहात्तर, खाली एकशे चार. "तीन महिन्यांचं कार्ड देतो," तो म्हणाला. "असं एकदाच देता येतं. अकरा जुलैला या. एकशे चाळीस आणि नव्वदच्या आत हवं. नसेल तर माझ्या हातात काही नाही." त्याच्या हातात पट्टा होता. बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बघत राहिले. या हातांना दुसरं काय येतं? लग्न मोडलं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी बसवर होते. आई गेली त्यानंतर दोन वर्षांनी ही नोकरी लागली आणि पहिल्यांदा नीट झोप यायला लागली. चाळीस फूट लोखंड अरुंद गल्लीतून आरशांच्या भरवशावर वळवते तेव्हा मी या शहरातली सगळ्यात शहाणी बाई असते. ते काढून घेतलं तर उरतं काय, खारे शेंगदाणे आणि मी.

दवाखान्यात सांगितलं होतं की घरात असतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा. मी रागारागानं फळीवरचं सगळं हातानं लोटून पिशवीत भरलं, आणि त्यात तो कॉफीचा डबाही आला. डॉक्टर मेरिवेदर तिशीतली पोरगी, केसांच्या बारीक वेण्या, पायात धावायचे बूट. एकेक बाटली टेबलावर मांडत ती डब्यापर्यंत पोचली.

"मिस वर्लीन, हे काय?"

"कॉफी."

तिनं डबा कानाशी हलवला. "तुमच्याकडची कॉफी वाजते वाटतं."

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, खरंच बोलून गेले. सीटचं नाही; वेळापत्रकाचं, कुलपाचं, शेंगदाण्यांचं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी उठून आले असते. तिनं तिन्ही बाटल्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "हे सगळं बंद. आता रोज एकच गोळी. तिच्यात तिन्ही औषधं आहेत, पण प्रत्येक अगदी थोडं. नेहमीच्या निम्मं, कधी त्याहून कमी."

"म्हणजे औषध कमी करणार आणि बीपी जास्त उतरवणार? मला काय कुकुलं बाळ समजता?"

"पियानो जिन्यावरून न्यायचाय असं समजा. एकट्यालाच उचलायला लावलं तर त्याची कंबर जाते आणि पियानो खालीच राहतो. तिघांनी थोडा थोडा भार घेतला तर जातो वर, आणि कुणाची कंबर धरत नाही. तुमचे घोटे सुजायचे ना? ते एकाला फार राबवल्यामुळं."

"मग त्या तिघांतल्या पाणक्याला घरी पाठवा. दोघं नेतील."

"दोघांनी नेलेला पियानो आपण एप्रिलमध्ये पाहिला. एकशे बहात्तर."

तिला चांगलं बोलता येतं, हे मला अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, "आणि बसवर असताना लागली तर?"

"पाण्याचं औषध इतकं थोडं आहे की पूर्वीसारखी धावपळ नाही व्हायची. पण लागली, तर जायचं."

"कुठं जायचं?"

तिनं नव्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "एक मात्र ऐका. ही गोळी घेऊन कोरडं चालायचं नाही. पाणी प्यायचं, आणि ते शेंगदाणे बंद. उन्हाळा आलाय. सुकलेल्या अंगानं ही घेतलीत तर चक्कर येईल, आणि तुमच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात."

"मग मला बस थांबवायची गोळी द्या."

"ती माझ्याकडे नाही, मिस वर्लीन."

नवी बाटली पाच दिवस फळीवर पडून होती. मी येताजाता तिच्याकडे बघायची आणि ती माझ्याकडे. वेगवेगळ्या गोळ्या होत्या तेव्हा निवड माझी होती. तू चल, तू चल, तू बाहेर. आता कुणीतरी माझ्या हातातली निवड काढून घेऊन तिघांची मोट बांधली होती, आणि वर म्हणत होतं की हे तुझ्याच भल्यासाठी. माझ्या भल्यासाठी आजवर जे जे झालं त्याची मला आठवण करून देऊ नका. रविवारी चर्च सुटल्यावर मी पेटवेकडे गेले. तो मुलीकडे राहतो, दिवसभर पुढच्या ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या बसच्या वेळा तपासतो. शब्द अर्ध्या तोंडातून येतात, त्यामुळं त्याच्याशी बोलायला वेळ काढून जावं लागतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणेल, फेकून दे ती गोळी, ड्रायव्हरची जात आहे आपली; हे ऐकायलाच मी गेले होते. त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"माझापण... होता," तो म्हणाला. "डबा."

"कसला डबा?"

"पाण्याच्या... गोळ्यांचा. लॉकरमध्ये. तुझ्याहून... मोठा." आणि अर्ध्या तोंडानं हसला.

मला हसू आलं नाही. "एवढी वर्षं गेली हो मधे. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"विचारलं... नाहीस."

"मी काय विचारायचं? तुम्हीच शिकवलंत ना मला? तहान ड्रायव्हरला लागत नाही म्हणे!" माझा आवाज चढला, तशी आतून त्याची मुलगी डोकावून गेली. म्हाताऱ्या आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं. तरी ओरडले. "तुमची गोष्ट आम्ही पोराबाळांना सांगतो. ब्रेक लावला आणि मगच पडला."

समोरून एक सतरा नंबर गेला, त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "उशिरा... लावला."

घरी येताना मी एका सिग्नलला हिरवा दिवा लागूनही उभीच राहिले आणि मागच्यानं भोंगा वाजवला. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता की दिसत नव्हतं. बारा वर्षं मी ज्याच्या नावानं छाती काढली तो डबा लपवून बसला होता. मीही डबा लपवून बसले होते. आईनं अर्धी गोळी शेजारणीला दिली होती. आम्ही सगळे ताठ मानेनं एकाच बाजूला चाललो होतो, हिरव्या छताच्या घराकडे, आणि जाताना कुणाला त्रास नको म्हणून लघवीसुद्धा धरून ठेवत होतो. याला मी आजवर बाणेदारपणा म्हणत होते! ज्यांनी आम्हाला चार मिनिटं दिली त्यांच्या वेळापत्रकात एका मिनिटाची खोट येऊ नये, म्हणून आमच्या नसा फुटल्या. याहून जास्त मान खाली घालणं काय असतं, मला सांगा.

आणि तरी मंगळवारी सकाळी मी सुरी घेऊन बसलेच. एकतीस वर्षांची खोड दोन दिवसांत जात नाही. बशीतले दोन तुकडे वितळणार नव्हते, उडूनही जाणार नव्हते. शेवटी मी ते दोन्ही तोंडात टाकले, फ्रिजखालची धूळ फुंकून. भीतीनं नाही, डॉक्टरच्या पियानोमुळं नाही, रागानं. कडू लागले. वर पेलाभर पाणी प्यायले, सकाळच्या वेळी, कामाच्या दिवशी. घशातून ते खाली जाताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. मग सिंकखालची मोठी बाटली काढली, धुतली, भरली आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. शेंगदाणे खिशातच राहिले. गणवेश बदलायला वेळ नव्हता.

पहिली फेरी सुरळीत गेली. दर चार थांब्यांना एक घोट, ड्रायव्हरच्या आरशात स्वतःला बघत. दुसरी फेरी बाराला निघाली. उकाडा मी म्हणत होता, तलावाकडून वारा नव्हता आणि आतला एसी कुंथत होता. म्हाताऱ्यांच्या सीनिअर सेंटरपाशी मिस ईझोला चढल्या. त्या दर मंगळवारी तिथं जेवून घरी जातात, काठी टेकत पहिल्या सीटवर बसतात आणि माझ्या चालवण्यावर मत देतात. "आज गाडी हळू आहे गं तुझी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "गाडी तीच आहे, तुमचंच वय वाढलंय." बाराव्या रस्त्याला मला पहिल्यांदा जाणवलं. गोळीचं असेल, पाण्याचं असेल, की नुसतं मनाचं, मला माहीत नाही. पंधराव्याला खात्री झाली. कॉलेजचं वळण पस्तीस मिनिटांवर होतं आणि तिथं कुलूप होतं. माझ्या मांड्या आपोआप आवळल्या, दात आवळले गेले, ओठांवर चर्चचं पहिलं कडवं आलं. उजवा हात खिशात गेला आणि मुठीत शेंगदाणे आले. शरीराला सगळा सराव होता. मी मागचा आरसा पाहिला, तीसएक माणसं होती. पाठीला घाम होता आणि तरी मला त्या फेब्रुवारीचा वारा लागला, दार उघडल्यासारखा. उजव्या बाजूला हिरवं छत दिसलं. या वेळी मी मान वळवली.

बस कडेला घेतली. पार्किंगचा पिवळा खटका ओढला. हवा सुटल्याचा तो लांब आवाज मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते; त्या दिवशी तो सगळ्या बसनं ऐकला. मी सीटचा पट्टा सोडला, उठले, आणि मागे वळून म्हटलं, "मंडळी, मी बाथरूमला चाललेय. पाच मिनिटं."

मागून एक जण, गळ्यात कुठल्याशा गोदामाचं ओळखपत्र अडकवलेला, ओरडला, "ओ बाई! मला एकच्या आत कामावर पोचायचंय!"

"मी कामावरच आहे, दादा."

"हे नियमात बसतं का तुमच्या?"

"नाही," मी म्हटलं, आणि उतरले.

स्टॅलवर्थमध्ये गारवा होता आणि लिलीच्या फुलांचा वास. काळ्या सुटातला एक माणूस पावलं न वाजवता पुढे आला, माझा हात हातात घेऊन मऊ आवाजात म्हणाला, "ईश्वर तुम्हाला बळ देवो. कुणाच्या दर्शनाला आलात?"

"कुणाच्याच नाही. बाथरूम कुठंय?"

त्यानं माझ्या गणवेशाकडे पाहिलं, काचेतून रस्त्यावरच्या बसकडे पाहिलं. आवाज होता तसाच मऊ ठेवून म्हणाला, "उजवीकडे दुसरं दार. टॉवेल कापडी आहेत."

तेच दार. तेहतीस वर्षांपूर्वी मी याच बाथरूममध्ये कडी लावून रडले होते, तोंडात रुमाल कोंबून, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. भिंतीचा कागद बदललाय. मी बसले. घाई केली नाही. एकतीस वर्षांत कामाच्या वेळेत इतकी निवांत मी कधी बसले नव्हते. अकरा जुलैला दंडाला पट्टा बांधतील तेव्हा आकडा काय येईल, ते त्या पट्ट्याला ठाऊक. त्यासाठी ही गोळी मी उद्याही घेणार होते आणि परवाही, तिन्ही औषधांसकट, न कापता. आणि दर वेळी लागली की थांबणार होते. लेखी समज देतील, चौकशी लावतील. बोलवा म्हणावं. मी त्यांच्या त्या खोलीत जाईन, पहिल्यांदा शेजारचं बाथरूम वापरीन आणि मग खुर्चीवर बसून फेब्रुवारीतलं सगळं सांगेन, सीटसकट. हात साबणानं धुतले. खिशातले शेंगदाणे कचऱ्याच्या टोपलीत उलटे केले. आमच्या घरातली माणसं या घरातून आडवी बाहेर गेली आहेत. मी पायांनी बाहेर आले, उन्हात, आणि बस होती तिथंच उभी होती.

रेडिओ खरखरत होता. "एकेचाळीस, एकेचाळीस, कंट्रोल बोलतंय. गाडी सहा मिनिटं उभी आहे. बिघाड आहे का?"

मी माइक उचलला. "बिघाड नाही."

"अपघात?"

"नाही."

"मग कारण सांग वर्लीन, मला लिहावं लागतं."

"लघवी."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. रेडिओ म्हणाला, "तसा रकाना नाहीये माझ्याकडे."

"मग कर."

मी पट्टा लावला, आरसे पाहिले, खटक्यावर हात ठेवला. तेवढ्यात मिस ईझोलांनी काठीनं माझ्या सीटच्या पाठीवर टकटक केलं. "वर्लीन, बरंय का गं तिथलं?"

"कापडी टॉवेल आहेत."

"मग मीपण येते जाऊन. सेंटरपासून धरून बसलेय."

गोदामवाल्यानं "अरे देवा" म्हणून कपाळाला हात लावला. पण मिस ईझोला दारापाशी आल्या तेव्हा पुढे होऊन त्यांचा दंड धरून त्यानंच त्यांना खाली उतरवलं. काळ्या सुटातला माणूस आतूनच दार उघडून उभा होता.

"एकेचाळीस," रेडिओ म्हणाला, "निघताय ना?"

"नाही. आणखी एक जण गेलंय."

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा," मी म्हटलं, आणि माइक जागेवर ठेवला. मग बाटली उघडली आणि पोटभर पाणी प्यायले.